खारीला काय घालावं, किती घालावं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी खारींविषयी बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सगळ्या उत्तरांमागचा आमचा आग्रह एकच आहे: खाऊ थोडाच ठेवावा. खार आपल्या नजरेच्या टप्प्यात येण्यापुरता तो असावा, तिचं पोट त्यावर चालू नये.

प्रश्न: खिडकीसमोरच्या झाडावर खारी येतात. त्यांना रोज मूठभर खारे शेंगदाणे आणि बिस्किटाचे तुकडे ठेवते. दोन्ही संपतात, म्हणजे आवडत असणार. चालेल ना?

उत्तर: आवडतात हे खरं, पण दोन्ही बंद करा. इतक्या लहान देहाला खाऱ्या दाण्यांतलं मीठ झेपत नाही. बिस्किट, पाव, केक यांनी पोट भरतं, पण त्यातून मिळत काहीच नाही. चॉकलेट तर विषच. शिवाय खारींसारख्या कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या, प्राण्यांना उलटी होत नाही, त्यामुळे नको ते पोटात गेलं की बाहेर टाकायची सोय त्यांच्याकडे नसते.

ठेवण्याजोगं बरंच आहे. कवचासकट अक्रोड, हेझलनट आणि गोडे बदाम उत्तम. कडू बदाम मात्र अजिबात नकोत, त्यांतून पोटात सायनाइड तयार होतं. भोपळ्याच्या बिन मिठाच्या बिया, गाजराची किंवा रताळ्याची चकती, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड हेही चालतं. फळं मात्र दोन-तीन तासांत उचलायची. ती आंबली की माश्या आणि मुंग्या गोळा होतात.

प्रमाण खारीच्या आकारावर ठरवा. पाठीवर पट्टे असलेली लहान खार जेमतेम १०० ग्रॅमची असते. तिला दिवसाला एक छोटा चमचा बिया किंवा सोललेले दोन बदाम पुरे. करडी खार ४०० ते ६०० ग्रॅम भरते, तिला एखादा अक्रोड आणि दोन-तीन बदाम. चार खारी येत असतील तर चौपट, त्याहून जास्त नको. भांड्यात दुपारपर्यंत उरत असेल तर तुम्ही जास्त ठेवताय.

कवचासकट देण्याचं कारण दातांत आहे. खारीचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. कुरतडून ते झिजले नाहीत तर वाढत जाऊन वळतात, मग तोंडच मिटत नाही आणि खार उपाशी मरते. सोललेले दाणे खाऊन दात झिजत नाहीत.

प्रश्न: शेंगदाण्यांबद्दल इतकं उलटसुलट ऐकलं आहे! काही म्हणतात खुशाल द्या, काही म्हणतात हाडं ठिसूळ होतात. खरं काय?

उत्तर: दोन्हींत तथ्य आहे. प्रश्न नेहमी प्रमाणाचा असतो.

खारीच्या आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट असावं असं मानतात. शेंगदाण्यात नेमकं उलटं असतं: एक भाग कॅल्शियमला चार भाग फॉस्फरस. सूर्यफुलाच्या बियांत हे प्रमाण एकास आठच्या घरात जातं आणि मक्यात तर एकास तीसपर्यंत. रक्तात फॉस्फरस वाढून कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांमधून ओढून घेतं. हे महिनोन्‌महिने चाललं की हाडं पोकळ होत जातात. आधी उडी थोडी कमी पडते, मग मागचे पाय लटपटतात किंवा फरफटतात, आणि एखाद्या साध्या पडण्यानेही हाड मोडतं. पिंजऱ्यात वाढवलेल्या खारींमध्ये हा आजार जास्त दिसतो. मोकळी खार कोंब, कळ्या, साल, किडे असं पुष्कळ काही खात असते आणि दिवसभर उन्हात असते, म्हणून सहसा वाचते. पण भांडं कायम दाण्यांनी भरलेलं असेल तर ती बाकीचं शोधायचं सोडते. वाढती पिल्लं आणि गाभण माद्या यांना सर्वांत आधी फटका बसतो.

तेव्हा शेंगदाणे आठवड्यातून एक-दोनदा द्या, भाजून, बिन मिठाचे, शक्यतो टरफलासकट. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा एक घटक असतो, तो भाजल्याने निकामी होतो. बुरशीचं विष मात्र भाजूनही पुरतं जात नाही. त्यामुळे टरफलावर काळपट-हिरवट डाग दिसले किंवा दाण्याला कुबट वास आला तर सगळी पिशवीच टाकून द्यावी. निवडत बसू नये.

मूळच्या सालीसह बदाम या बाबतीत बरे, त्यांत प्रमाण एकास दोनच्या आतबाहेर असतं. आणि भांड्याशेजारी समुद्रफेसाचा एक तुकडा बांधून ठेवा, पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना चोच घासायला देतात तोच. रानातल्या खारी पडलेली हाडं आणि हरणांची झडलेली शिंगं कुरतडताना दिसतात, ती कॅल्शियमसाठीच.

प्रश्न: भांडं ठेवून आठवडा झाला, खार झाडावर दिसते पण खाली फिरकत नाही.

उत्तर: भांडं उघड्यावर ठेवलं असेल. खारीला खाण्याच्या जागेपासून दोन-तीन उड्यांत खोड किंवा दाट फांदी गाठता आली पाहिजे, तरच ती येते. भांडं खोडाला लागून किंवा रुंद फांदीच्या बेचक्यात ठेवा, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर. रोज एकाच वेळी भरा आणि लगेच आत जा. सुरुवातीला एक अक्रोड फोडून ठेवलात तर वासाने काम लवकर होतं. शेजारची मांजर त्या खोडाशी बसत असेल तर मात्र जागा बदलावीच लागेल.

प्रश्न: झाकण उचलून खार आतला खाऊ घेते अशी लाकडी पेटी घरी करायची आहे. मापं आणि कुठे चुकतं ते सांगाल?

उत्तर: ही पेटी करड्या खारीच्या आकाराच्या खारींसाठी. १०० ग्रॅमच्या खारीला झाकण उचलवत नाही, तिच्यासाठी काठाला २ सेंमी उंच पट्टी असलेली उघडी फळी पुरते.

लाकूड १५ ते १८ मिमी जाडीचं, साधं, रसायन न मुरवलेलं घ्या. प्लायवूड टाळा, त्याचे थर पाण्याने सुटतात आणि खार ते कुरतडते. मागची फळी १६ सेंमी रुंद आणि ४० सेंमी उंच. दोन्ही बाजू १५ सेंमी खोल, मागे २५ आणि पुढे २० सेंमी उंच, म्हणजे झाकणाला आपोआप उतार मिळतो. तळाची फळी पेटीच्या पुढे १२ सेंमी यायला हवी. खार त्यावर मागच्या पायांवर बसते, एका पंजाने झाकण वर ढकलते आणि डोकं आत घालते. ही बैठक ८ सेंमीची केली तर तिचे पाय घसरतात आणि ती पेटीवर चढून वरून झाकणाशी झटापट करत बसते.

पुढच्या बाजूला पारदर्शक ॲक्रिलिकचा पत्रा लावा, काच नको. पत्र्याची वरची कड झाकणापासून अडीच सेंमी खाली ठेवा. ही फट महत्त्वाची आहे. तिच्यातून वास बाहेर येतो आणि इथे काहीतरी उघडतं हे खारीला समजतं. फट न ठेवल्यामुळे न वापरलेल्या पेट्या पुष्कळ असतात. ॲक्रिलिकची कड पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा.

झाकण १० मिमीच्या हलक्या फळीचं हवं. पुढे ३ सेंमी आणि बाजूंना एकेक सेंमी बाहेर येऊ द्या, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बिजागऱ्या पितळी किंवा स्टीलच्या, मागच्या बाजूने. झाकण ९० अंशांच्या पलीकडे जाता कामा नये. ते मागे पडून उघडंच राहिलं तर खाऊ भिजतो. त्यासाठी मागच्या फळीवर एक लहान ठोकळा लावला की झालं. जड झाकण मानेवर आपटतं, आणि तसं एकदा झालं की ती खार बरेच दिवस पेटीकडे बघत नाही.

तळाला चार कोपऱ्यांत ६ मिमीची भोकं पाडा. जाळीचा तळ करू नका, सुटलेल्या तारेत नखं अडकतात. जोडणी खिळ्यांनी नको, स्क्रूने करा, साफ करताना पेटी उघडता येते. आतून रंग किंवा वॉर्निश नको. बाहेरून हवं तर जवसाचं तेल लावा आणि ते पूर्ण वाळल्यावरच पेटी टांगा. झाडाला खिळे न ठोकता रुंद पट्ट्याने बांधा, पट्ट्याखाली रबराचा तुकडा घाला आणि खोड वाढतं म्हणून वर्षातून एकदा पट्टा सैल करा.

आठवड्यातून एकदा जुना खाऊ टाकून पेटी गरम पाण्याने आणि साबणाने घासा, मग एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी घालून धुवा, भरपूर पाण्याने खळबळून उन्हात वाळवा. हे काम टाळू नका. अनेक खारी एकाच लाकडावर तोंड घासतात तेव्हा रोग तिथूनच पसरतो. ब्रिटनमध्ये १८७६ पासून उत्तर अमेरिकेतल्या करड्या खारी सोडल्या गेल्या. त्यांच्यासोबत आलेल्या देवीसारख्या विषाणूने तिथल्या तांबड्या खारी मरतात, करड्यांना मात्र तो सहसा बाधत नाही. तांबड्या खारींच्या भागात डोळ्यांभोवती किंवा ओठांवर खपल्या धरलेली खार दिसली की खाऊ ताबडतोब थांबवून भांडी निर्जंतुक करायला सांगतात, ते यामुळेच. हाच नियम आपण सगळीकडे पाळावा. आजारी खार दिसली तर दोन-तीन आठवडे खाऊ बंद.

प्रश्न: पाणी ठेवायची गरज असते का?

उत्तर: हो, आणि कोरड्या दिवसांत खाऊपेक्षा जास्त. तीन-चार सेंमी खोल, खरबरीत मातीचं पसरट भांडं घ्या, मध्ये एक दगड ठेवा, पाणी रोज बदला. उभ्या काठाच्या बादल्या आणि अर्धवट भरलेली पिंपं झाकून ठेवा. खार पोहू शकते, पण गुळगुळीत काठावर चढता न आल्यामुळे बुडते.

प्रश्न: आमच्याकडची खार अर्धा खाऊ कुंडीत पुरते. तिला नंतर तो सापडतो का, की विसरून जाते?

उत्तर: बऱ्यापैकी सापडतो, आणि नुसत्या वासाने नव्हे. करड्या खारींवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत खारींनी स्वतः पुरलेल्या जागा, इतरांनी पुरलेल्या जागा अगदी शेजारी असूनही, जास्त प्रमाणात शोधून काढल्या. वास मदत करतो, पण जागा आठवते.

पुरण्याची क्रिया नीट बघा, खारीच्या दिवसातला सर्वांत देखणा भाग हाच आहे. अक्रोड हाती आला की ती तो पुढच्या दोन पंजांत धरून गरागरा फिरवते आणि मध्येच डोकं झटक्यात हलवते. आत गर भरलेला आहे की पोकळ, हे ती त्या झटक्यात वजनावरून जोखते. पोकळ असेल तर तिथेच टाकून देते. भरलेला असेल तर निघते, आणि जितकं फळ चांगलं तितकं लांब नेते. जागा ठरली की पुढच्या पायांनी काही सेंटीमीटरचा खड्डा करते, अक्रोड त्यात घालते आणि दातांत धरूनच डोक्याच्या धक्क्यांनी खाली ठोकते. मग माती ओढते, पंजांनी थापटते, वर एखादं पान सारते. दुसरी खार बघत असेल तर ती कधी कधी खड्डा करून, थापटून, सगळा देखावा करते आणि अक्रोड तोंडातच ठेवून दुसरीकडे जाते.

फळाची पारखही थक्क करणारी आहे. पांढऱ्या ओकची फळं पडल्यापडल्या रुजतात, तांबड्या ओकची पुढच्या वसंतात. करडी खार पांढऱ्याची फळं लगेच खाते किंवा पुरण्याआधी त्यांचा कोंब कुरतडून काढते, म्हणजे ती रुजून वाया जात नाहीत. तांबड्याची आहेत तशी पुरते.

यातून एक उपयोगाची युक्ती निघते. खाताना बघायचं असेल तर सोललेला तुकडा ठेवा, तो बहुतेक जागेवरच संपतो. पुरताना बघायचं असेल तर कवचासकट द्या. सगळ्या जाती अशा विखरून पुरणाऱ्या नाहीत. उत्तर अमेरिकेतली तांबडी खार शंकूंचा एकाच जागी मोठा ढीग करते आणि तो जिवापाड राखते. कुंडीतल्या रोपांना त्रास होत असेल तर मातीवर २ सेंमी जाडीचे गोटे पसरा.

प्रश्न: एक खार कधी कधी अर्धा-अर्धा तास एकाच जागी बसून चिरकत राहते. भूक लागलेली असते का?

उत्तर: नाही, ती इशारा देत असते. प्रत्येक आवाजासरशी शेपटी झटकली जात असेल तर जवळपास मांजर, साप किंवा मुंगूस आहे असं समजा. तिचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते बघा आणि त्या रेषेत खाली शोधा, बहुतेक वेळा सापडतं. ससाणा दिसला तर वागणं वेगळं असतं. ती खोडाला चिकटून दगडासारखी होते, किंवा खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकते. चिरकणं चालू असेल तोवर खाऊ ठेवायला बाहेर जाऊ नका.

प्रश्न: माझ्या मुलाला खारीला हातावरून खाऊ घालायचा आहे. शिकवता येईल?

उत्तर: येतं, पण करू नका. तोंडाजवळचा घास ती मुख्यतः वासाने आणि मिशांनी ओळखते, दाण्याचा वास लागलेलं बोट तिला दाण्यासारखंच. चावा खोल जातो. दुसरं, माणसाला सरावलेली खार प्रत्येकाच्या अंगावर चढायला जाते आणि कुणीतरी घाबरून तिला झटकतं किंवा मारतं. मुलाने भांडं भरावं, वही घेऊन खिडकीत बसावं.

चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. खारीपासून रेबीज होणं अतिशय दुर्मीळ आहे, पण धनुर्वाताचं इंजेक्शन आणि बाकीचं डॉक्टरांनीच ठरवायचं.

प्रश्न: पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे खारी फस्त करतात. खांबाला ग्रीस लावलं तर?

उत्तर: ग्रीस, तेल काहीही लावू नका. ते केसांत बसतं, केस चिकटतात, ऊब राहत नाही, आणि चाटल्यावर पोटात जातं. टांगून उपयोग होत नाही कारण खारीच्या मागच्या पायाचा घोटा जवळजवळ उलटा फिरतो. वरच्या दोरीला मागच्या नखांनी धरून ती उलटी लोंबकळत आरामात खाते. खोडावरून डोकं खाली करून उतरते तेही त्याच घोट्यांमुळे.

उपाय अंतराचा आहे. मोठी खार उभी उडी दीड मीटरच्या आसपास मारते आणि आडवी अडीच-तीन मीटर. म्हणून गुळगुळीत धातूचा खांब झाड, भिंत, कठडा यांपासून तीन मीटर दूर हवा आणि त्यावर जमिनीपासून दीड मीटर उंचीला ४५ सेंमी व्यासाची उलट्या नरसाळ्याची टोपी. टोपी आणि खांबातली फट एक सेंमीपेक्षा मोठी नको, लहान खारी तेवढ्यातून निघतात. मिरचीची पूड पक्ष्यांना तिखट लागत नाही, खारीला लागते. पण पंजांना लागलेली पूड तिच्या डोळ्यांत जाते, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

प्रश्न: झाडाखाली खारीचं पिल्लू पडलेलं सापडलं तर काय करायचं? दूध पाजावं का?

उत्तर: दूध नको. ड्रॉपरने पाणीही नको, ते फुप्फुसात जातं. थंड पडलेल्या पिल्लाला काहीही पाजलं तर पचत नाही. आधी ऊब.

हातमोजे घालून किंवा कापडाने उचला. रक्त, सूज, माशीची अंडी आहेत का बघा. खोक्यात मऊ कापड घाला (टॉवेलचे धागे नखांत अडकतात, म्हणून सुती बनियनसारखं), कोमट पाण्याची बाटली गुंडाळून एका बाजूला ठेवा. पिल्लाला नको वाटल्यास तिच्यापासून सरकता आलं पाहिजे. पिल्लू उबदार झालं की उघडं खोकं त्याच झाडाच्या बुंध्याशी किंवा खालच्या फांदीवर बांधा आणि लांब, आडोशाला जा. आई मानेजवळ किंवा पोटाशी धरून त्याला घेऊन जाते. माणसाचा वास लागला म्हणून ती सोडून देते हा गैरसमज आहे. तिच्याकडे बहुधा दुसरं घरटंही असतं. मात्र ती दिवसाच फिरते, त्यामुळे अंधार पडेपर्यंत आली नाही तर रात्री पिल्लू बाहेर ठेवू नका, वन्यप्राण्यांच्या बचाव केंद्राशी किंवा पशुवैद्यांशी संपर्क साधा.

मांजराच्या तोंडातून सुटलेलं पिल्लू जखम दिसत नसली तरी थेट पशुवैद्यांकडे न्यावं. दातांच्या बारीक भोकांतून गेलेले जंतू एक-दोन दिवसांत जीव घेतात. डोळे उघडलेलं, अंगावर पूर्ण केस आलेलं पिल्लू माणसांच्या मागे मागे येत असेल तर ते माणसाळलेलं नाही, उपाशी आहे. झाड तोडताना घरटं खाली आलं तर पिल्लांसकट टोपलीत ठेवून शेजारच्या झाडाला बांधा आणि त्या दिवसापुरतं काम थांबवा.

प्रश्न: महिनाभर बाहेरगावी जातोय. खारी उपाशी राहतील?

उत्तर: वर सांगितल्याइतकाच खाऊ ठेवत असाल तर नाही. जास्त ठेवत असाल तर निघण्याआधी दोन आठवडे रोज थोडा थोडा कमी करत न्या, आणि परत आल्यावर पूर्वीइतका सुरू करू नका.

प्रश्न: खारी बघायला कोणती वेळ चांगली? फोटो नेहमी हललेले येतात.

उत्तर: गरम दिवसांत उजाडल्यावरचे दोन-तीन तास आणि मावळतीआधीचा तासभर, कडक थंडीत भर दुपार. झाडांवरच्या खारी शीतनिद्रा घेत नाहीत, त्यामुळे वर्षभर दिसतात. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची), दोन मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी घ्या. फोटोसाठी शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा आणि ती दोन्ही पंजांत घास धरून बसेपर्यंत थांबा, तेवढाच वेळ तिचं डोकं स्थिर असतं. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणा. काचेतून काढणार असाल तर भिंग काचेला टेकवा, खोलीतला दिवा मालवा, फ्लॅश बंद.